टक्! आणि मग खाऊ

जत्रेत मिळणारा पत्र्याचा बेडूक आठवतोय का? पोटाखालची पट्टी अंगठ्याने दाबली की 'टक्', सोडली की पुन्हा 'टक्'. दहा मिनिटांत घरातल्या मोठ्यांचं डोकं उठायचं आणि बेडूक कपाटाच्या वरच्या फळीवर जायचा. ह्या वीकेंडचा लेख त्या बेडकाबद्दल आहे. म्हणजे, त्याच्या अमेरिकन चुलतभावाबद्दल. तिकडे त्या खेळण्याला 'क्रिकेट' म्हणतात, रातकिडा ह्या अर्थाने. (आपल्या सचिनशी काही संबंध नाही.)

हे क्रिकेट एकदा युद्धावरही जाऊन आलंय. ६ जून १९४४ च्या रात्री नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या छत्रीधारी सैनिकांकडे पितळी क्रिकेट्स होती, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या अ‍ॅक्मे शिट्टीवाल्यांनी बनवलेली. अंधारात कुणाची चाहूल लागली की एकदा वाजवायचं. समोरून दोनदा उत्तर आलं तर आपला माणूस, नाही आलं तर... असो.

आज पेट शॉपमध्ये शंभर-दीडशे रुपयांत प्लास्टिकची एक डबी मिळते, तिच्यात हेच यंत्र असतं. वाकलेली धातूची पट्टी, दाबली की टक्. तिला क्लिकर म्हणतात आणि तिच्या जोरावर कुत्र्याच्या पिल्लाला बसायला, थांबायला, बोलावल्यावर यायला शिकवतात. पद्धत इतकी साधी आहे की पहिल्यांदा ऐकल्यावर मला फसवणूक वाटली होती. आधी दहा-वीस वेळा नुसतं 'टक्' करून लगेच खाऊ द्यायचा. पिल्लाच्या डोक्यात जोडणी पक्की होते की टक् म्हणजे खाऊ येणार. मग पिल्लाने हवी ती गोष्ट केली, की नेमक्या त्या क्षणी टक्, आणि पाठोपाठ खाऊ. ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, मानेला हिसका द्यायचा नाही. चुकलं तर काहीच करायचं नाही, फक्त टक् होत नाही.

मला ह्यात पद्धतीपेक्षा तिच्या तारखा जास्त खटकल्या. ह्यातलं सगळं, अगदी त्या खेळण्यातल्या क्रिकेटसकट, १९५१ मध्ये छापून आलेलं होतं. तेही कुठल्या कोपऱ्यातल्या जर्नलमध्ये नाही, 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये. आणि कुत्री शिकवणाऱ्यांच्या हातात क्लिकर खऱ्या अर्थाने आला १९९२ नंतर. मध्ये चाळीस वर्षं गेली. एवढ्या काळात आमच्या क्षेत्रात खोलीभर मशीनचा कंप्युटर मांडीवर आला! मग एक टक् कुत्र्यापर्यंत पोचायला एवढा वेळ का लागला?

गोष्ट सुरू होते मिनियापोलिसमधल्या एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. साल १९४३. बी. एफ. स्किनर नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक तिथे कबुतरांना क्षेपणास्त्र चालवायला शिकवत होते. चेष्टा नाही. क्षेपणास्त्राच्या नाकाडात कबूतर बसवायचं, समोरच्या पडद्यावर लक्ष्याचं चित्र, कबूतर त्यावर चोच मारत राहणार आणि चोच पडेल तिकडे क्षेपणास्त्र वळणार. जनरल मिल्स ह्या पिठाच्या कंपनीने जागा आणि सुरुवातीचे पैसे दिले, मग सरकारने २५,००० डॉलर्सचं काम दिलं. कबुतरं उत्तम काम करायची, पण वॉशिंग्टनच्या समितीला हसू आवरायचं नाही. १९४४ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला, एकही कबूतर युद्धावर गेलं नाही.

वॉशिंग्टनहून काय निरोप येतो ह्याची वाट बघत बसलेल्या ह्या मंडळींनी एक दिवस टाइमपास म्हणून कबुतराला बोलिंग शिकवायचं ठरवलं. स्किनर, त्यांचा विद्यार्थी केलर ब्रेलंड आणि नॉर्मन गटमन, असे तिघं. लाकडी चेंडू ठेवला आणि कबूतर चेंडूला चोचीने फटका मारेल तेव्हा दाणे द्यायचे म्हणून स्विच हातात घेऊन बसले. कबूतर ढिम्म. कंटाळून त्यांनी ठरवलं की चेंडूकडे नुसतं बघितलं तरी दाणे द्यायचे. मग जरा जवळ गेलं तर. मग चोच लागली तर. काही मिनिटांत चेंडू खोक्याच्या भिंतींवर आपटायला लागला! पुढे स्किनरनी ह्या दिवसाबद्दल अनेकदा लिहिलं, इतका तो त्यांच्या मनावर ठसला होता.

ह्यात नवीन काय होतं? बक्षिसाने वागणं बदलतं हे तर एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ मध्येच मांजरांना पेटीत कोंडून दाखवलं होतं. आवाज आणि अन्न ह्यांची गाठ कुत्र्याच्या डोक्यात कशी बसते हे पावलॉवने दाखवलं होतं. स्वतः स्किनरचं पहिलं मोठं पुस्तक १९३८ चं. पण तोवर सगळं पेटीत चालायचं, यंत्र मोजायचं, यंत्रच दाणे टाकायचं. गिरणीत पहिल्यांदा माणूस समोर बसला, डोळ्यांनी बघत, हाताने बक्षीस देत, आणि प्राण्याला पायरीपायरीने जे तो कधीच करत नव्हता तिकडे घेऊन गेला. ह्याला पुढे 'शेपिंग' म्हणायला लागले. मराठीत 'घडवणं' म्हणता येईल, मूर्तिकार घडवतो तसं, फक्त इथे माती स्वतःच हलते.

आता ह्या गोष्टीतली माझी सगळ्यात आवडती व्यक्ती. मॅरियन क्रूस. मिनेसोटा विद्यापीठात स्किनरची विद्यार्थिनी, १९४१ मध्ये पदवी, त्याच वर्षी केलर ब्रेलंडशी लग्न. कबुतरांच्या प्रकल्पात दोघंही होते. प्रयोगशाळेत जे चाललंय ते बाहेरच्या जगात पैसे कमवू शकतं असं दोघांना वाटलं आणि दोघांनीही पीएच.डी. सोडून दिली. (आजच्या भाषेत स्टार्टअप. घरच्यांची प्रतिक्रियाही आजच्यासारखीच असणार.) कंपनीचं नाव 'अ‍ॅनिमल बिहेवियर एंटरप्रायझेस'.

पहिली कल्पना कुठली असेल? कुत्री! लोकांच्या घरी कुत्री असतात, ती शिकवावी लागतात, आपल्याकडे हिसका न देता शिकवायची पद्धत आहे, म्हणजे बाजार तयार आहे. त्यांनी कुत्री पाळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींपुढे आपली पद्धत मांडली, आणि कुणीही ढुंकून बघितलं नाही. कुत्री काय आम्ही पिढ्यान् पिढ्या शिकवतोय, हे कोण कालचे विद्यापीठवाले!

मग ब्रेलंड कोंबड्यांकडे वळले. त्याच जनरल मिल्स कंपनीच्या पशुखाद्याच्या जाहिरातीसाठी गावोगावच्या जत्रांमध्ये पियानो वाजवणारी, नाचणारी कोंबडी. हे धो धो चाललं. १९५० च्या सुमारास ते आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्जला गेले, १९५५ मध्ये तिथे 'आयक्यू झू' उघडला. नाणं टाकलं की बदक पियानो वाजवणार, कोंबडी तुमच्याशी फुली-गोळा खेळणार. शिवाय सरकारी कामं, त्यातली बरीचशी गुप्त. ह्या पद्धतीचा जगातला सगळ्यात मोठा अनुभव ज्या घरात होता, ते घर जत्रा आणि गुप्त कामं ह्यांत अडकून पडलं. चाळीस वर्षांतली काही वर्षं इथे गेली असं माझं मत आहे.

इकडे स्किनर हार्वर्डला पोचले होते. डिसेंबर १९५१ मध्ये त्यांचा तो लेख आला. कुत्रा, कबूतर काहीही घ्या, भूक लागलेली असताना घ्या, बाजारातलं क्रिकेट खेळणं घ्या, आवाज आणि खाऊ ह्यांची गाठ घाला, मग हवं ते वागणं पायरीपायरीने घडवा. सगळं सोप्या इंग्रजीत, स्वयंपाकाच्या पुस्तकासारखं. 'लुक' मासिकाने १९५२ मध्ये ह्याचं प्रात्यक्षिकही छापलं. अ‍ॅग्नेस नावाची डाल्मेशियन कुत्री वीसेक मिनिटांत भिंतीवर उंच उडी मारायला शिकली. गंमत म्हणजे तिथे टक् नव्हतं, फोटोग्राफरच्या फ्लॅशचा उजेड हाच इशारा. फ्लॅश झाला की खाऊ. म्हणजे इशारा आवाजाचाच हवा असंही नाही, तो लख्ख आणि क्षणभराचा हवा, एवढंच.

लेख लाखो लोकांपर्यंत पोचला असेल. कुत्र्यांच्या मैदानावर मात्र काहीही हललं नाही.

का? कारण मैदान वेगळ्याच माणसांच्या ताब्यात होतं. आधुनिक कुत्रा-प्रशिक्षणाचा मूळपुरुष म्हणजे कॉनराड मोस्ट, जर्मन पोलीस अधिकारी. त्याचं पुस्तक १९१० चं. त्याला बक्षिसाचं महत्त्व कळत होतं हे कबूल करायला हवं, पण पद्धतीचा पाया बळजबरीचा. पोलिसांकडून हे सैन्यात गेलं, आणि दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या श्वानपथकवाल्यांनी ते अमेरिकेच्या गल्लीबोळांत आणलं. १९६२ मध्ये विल्यम कोहलरचं पुस्तक आलं. हा डिस्नेच्या सिनेमांसाठी प्राणी शिकवणारा माणूस. गळ्यात साखळीचा फास, चुकलं की जोरात हिसका. पुस्तक प्रचंड खपलं. पुढे लांडग्यांच्या कळपातल्या 'अल्फा'च्या कल्पनेची भर पडली. बंदिस्त लांडग्यांवरच्या अभ्यासातून आलेली ही कल्पना डेव्हिड मेक ह्या संशोधकाच्या १९७० च्या पुस्तकाने लोकप्रिय झाली. त्याच मेकने १९९९ च्या निबंधात लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पोरं असतात, अल्फा वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. पण तोवर 'कुत्र्याला त्याची जागा दाखवून द्या' हे वाक्य घराघरात पोचलं होतं. अजूनही आहे. आपल्याकडे तर कुत्र्याचं शेपूट नळीत घालून सरळ करण्याची म्हणच आहे. नळी बदलून बघावी असं म्हणीत कुणाला सुचलेलं नाही.

आणि एक प्रामाणिक कारण. हिसक्याने काम होतं. जर्मन शेफर्डला हिसका दिला की तो चालायला लागतो बरोबर. ज्याचं चालतंय तो पद्धत कशाला बदलेल? चालणाऱ्या कोडला हात लावू नये हा नियम आमच्याकडे भिंतीवर लावलेला असतो. तो कोड आतून काय काय मोडतोय हे कळायला कुणाला तरी वेगळ्या मशीनवर चालवून बघावा लागतो.

ते वेगळं मशीन म्हणजे डॉल्फिन.

डॉल्फिनला पट्टा लावता येत नाही. हिसका द्यायला मानच नाही. ओरडलात तर तो तळाशी जाऊन बसतो आणि तुम्ही काठावर. त्याला शिकवायचं तर त्याला यावंसं वाटलं पाहिजे. शिवाय तो हवेत उडी मारतो त्या क्षणी तोंडात मासा कसा देणार? म्हणून शिट्टी. शिट्टी म्हणजे 'हेच! मासा येतोय'. डॉल्फिनवाले तिला 'ब्रिज' म्हणतात, उडी आणि मासा ह्यांच्यामधला पूल. १९५५ मध्ये फ्लोरिडाच्या मरीन स्टुडिओजमध्ये केलर ब्रेलंडनीच ही पद्धत नेली होती.

१९६३ मध्ये हवाईत सी लाइफ पार्क नावाचं मत्स्यालय उभं राहत होतं. मालकाची बायको कॅरन प्रायर, तीन मुलांची आई, तिशीतली. तिचं त्या सुमाराचं पुस्तक स्तनपानाबद्दलचं, डॉल्फिनशी काही संबंध नाही. पण उद्घाटन तोंडावर आलेलं, डॉल्फिन शिकत नव्हते, आणि रॉन टर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लिहिलेली एक प्रशिक्षणाची पुस्तिका टेबलावर पडलेली. प्रायरबाईंनी ती वाचली आणि मुख्य प्रशिक्षक झाल्या. १९६४ मध्ये पार्क उघडलं.

त्यांनी केलेला एक प्रयोग मला प्रायोगिक विज्ञानातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी वाटतो. मालिया नावाची डॉल्फिन. ठरलं असं, की रोज प्रेक्षकांसमोर तिने जे आधी कधीच केलेलं नाही अशाच गोष्टीला शिट्टी आणि मासा. पहिले काही दिवस तिने येत असलेल्या सगळ्या उड्या मारून संपवल्या. साठा संपला. ती चिडली, तेच तेच करून बघायला लागली, शिट्टी वाजेना. आणि मग एक दिवस कुठल्याच डॉल्फिनने कधी केल्या नसतील अशा कसरतींचा धबधबा सुरू झाला. 'नवीन काहीतरी कर' हाच नियम तिला कळला होता! मग हू नावाच्या दुसऱ्या डॉल्फिनवर सगळ्या नोंदी ठेवून तोच प्रयोग पुन्हा केला आणि १९६९ मध्ये निबंध छापला. बक्षिसाने प्राणी यंत्रासारखा होतो, हा स्किनरच्या शाळेवरचा जुना आरोप. इथे त्याच बक्षिसाने प्राणी कल्पक झाला.

(अर्थात उलटी बाजूही आहे. १९६१ मध्ये ब्रेलंड दांपत्याने एक निबंध लिहून आपल्या गुरूलाच टोला दिला होता. ३८ जातींचे ६,००० हून जास्त प्राणी शिकवल्यावर त्यांना दिसलं की काही गोष्टी बक्षिसानेही होत नाहीत. रकून एक नाणं पेटीत टाकायला शिकला, दोन दिली तर कंजूष सावकारासारखा एकमेकांवर घासत बसायचा. डुक्कर लाकडी नाणी पेटीपर्यंत नेता नेता रस्त्यातच नाकाने उकरायला लागायचं. जातीचा पिंड शिकवणीला मागे ओढतो. टेरियर पिल्लाला खड्डे खणू नकोस हे पटवणं का जड जातं ह्याचं उत्तर ह्या निबंधात आहे.)

१९८४ मध्ये प्रायरबाईंचं 'डोन्ट शूट द डॉग' आलं. नाव कुत्र्याचं, पण पुस्तक मुख्यतः नवरे, मुलं, रूममेट आणि मांजरं ह्यांच्याबद्दलचं. तरी कुत्रेवाल्यांनीच ते उचललं. कारण तोवर मैदानावर नवी माणसं आली होती, आणि इथे गोष्टीत शेवटी पिल्लू येतं.

जुन्या क्लासेसमध्ये सहा महिन्यांखालचं पिल्लू घेतच नसत. आमच्या सोसायटीतल्या एका घरी तीन महिन्यांचं पॉमेरियन आलं तेव्हा बोलावलेला ट्रेनरही हेच म्हणाला, "सहा महिन्यांचं होऊ द्या, मग चेन लावून शिकवू." मला वाटलं मेंदू तयार नसेल. इतिहास वाचल्यावर कळलं की कारण पिल्लाच्या डोक्यात नाहीच, साखळीत आहे. फासाची साखळी कोवळ्या मानेला झेपत नाही म्हणून थांबायचं. हत्याराला सोयीचं वय तेच शिकण्याचं वय ठरलं!

आणि हे थांबणं किती महाग होतं ते आधीच माहीत झालेलं होतं. मेन राज्यातल्या बार हार्बरला जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर ह्या दोघांनी बरीच वर्षं पिल्लांवर काम केलं. बीगल, कॉकर स्पॅनियल, बसेंजी, शेटलंड शीपडॉग आणि वायर फॉक्स टेरियर अशा पाच जाती, सगळ्या लहान-मध्यम अंगाच्या. १९६५ च्या त्यांच्या पुस्तकाचा एक निष्कर्ष असा की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. त्या काळात माणसं भेटली नाहीत तर पुढे ती भीतीच वाटत राहतात. म्हणजे सहा महिन्यांपर्यंत थांबलात तर खिडकी बंद होऊन तीन महिने झालेले. १९८२ मध्ये इयान डनबार ह्या ब्रिटिश पशुवैद्याने कॅलिफोर्नियात पट्टा न लावता लहान पिल्लांचे वर्ग सुरू केले. डनबार क्लिकरवाला नाही, त्याची पद्धत खाऊ दाखवून वळवण्याची. पण साखळी गेल्याबरोबर वयाची अटही गेली.

१९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कॅरन प्रायर आणि गॅरी विल्क्स ह्या ट्रेनरने कुत्री शिकवणाऱ्यांसमोर क्लिकरचं सेमिनार घेतलं. डॉल्फिनच्या शिट्टीच्या जागी प्लास्टिकची डबी. तिथून ती पसरली.

लहान जातींसाठी ही सगळी भानगड जास्त महत्त्वाची का, ते सांगतो. आपण ज्याला सर्रास पॉमेरियन म्हणतो तो बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो ('हम आपके हैं कौन'मधला टफी, १९९४), २००३ च्या हचच्या जाहिरातीनंतर पगचं पेव फुटलं, आता फ्लॅटमध्ये शिह त्झू आणि टॉय पूडल दिसतात. पॉमेरियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा ह्या जातींमध्ये श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडून नळी दबण्याचा आजार आढळतो. पट्टा ओढला गेला की हंस ओरडल्यासारखा खोकला येतो. सत्तर किलोच्या माणसाने अडीच किलोच्या जिवाच्या ह्या मानेला 'थोडासा' हिसका द्यायचा, हे गणितच चुकीचं आहे. म्हणून पशुवैद्य अशा पिल्लांना गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस सुचवतात.

दुसरी बाजू लाडाची. लहान कुत्र्याला आपण शिकवतच नाही, उचलतो. भुंकला, उचला. लिफ्टमध्ये घाबरला, उचला. व्हिएन्नातल्या १,२७६ कुत्रेवाल्यांची एक पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात कमी सुसंगत निघाले, शिकवण्यात आणि खेळण्यात कमी वेळ घालवणारे निघाले. आणि शिक्षा जास्त असेल तिथे कुत्र्याचं अंगावर येणंही जास्त दिसलं, लहान कुत्र्यांमध्ये तर त्यासोबत भित्रेपणाही. 'छोटी कुत्री मुळातच चिडकी' हे आपण जातीच्या माथी मारतो, त्यातलं बरंच आपल्या हातचं आहे.

स्किनरची पद्धत मात्र जशीच्या तशी ह्यांना लावायची नाही. प्रयोगशाळेत कबुतराचं वजन नेहमीच्या ८० टक्क्यांवर ठेवायचे, म्हणजे भूक राहते. टॉय जातीचं पिल्लू उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर घसरून थेट दवाखाना. म्हणून खाऊ डाळीच्या दाण्याएवढा, उकडलेल्या चिकनचा धागा किंवा पनीरचा कण, आणि तो दिवसाच्या जेवणातून वजा. एका बैठकीला दोन-तीन मिनिटं, जमिनीवर बसून, कारण उभ्या माणसाचा चेहरा त्याच्यासाठी चौथ्या मजल्यावर असतो. आवाजाला दचकणारं पिल्लू असेल तर क्लिकर फडक्यात गुंडाळावा किंवा बॉलपेनचं बटण वापरावं. पेन उत्तम चालतं, मी रोज वापरतो.

आणि वेळ. वेळ हाच सगळा खेळ आहे. पिल्लू बसलं, मी खिशात हात घातला, पुडी उघडली, तोवर ते उठून शेपटीमागे फिरतंय, आणि खाऊ मिळाला फिरण्याला. टक् ह्या उशिराला ओलांडतं. (मार्चमध्ये मागच्या जूनच्या कामाचं अप्रेझल घेणाऱ्या मंडळींनी ह्यावर विचार करावा. खाऊही मिळत नाही हा भाग वेगळाच.)

आता क्लिकरच्या भक्तांना न आवडणारी गोष्ट. २०१६ मध्ये इटलीत ५१ कुत्र्यांवर एक प्रयोग झाला, काहींना क्लिकर, काहींना एक ठरलेला शब्द, काहींना नुसता खाऊ. शिकण्यात फरक दिसला नाही. त्याआधी २००८ मध्ये बसेंजींवर केलेल्या प्रयोगातही क्लिकरने शिकणं लवकर झालं नव्हतं, शिकलेलं टिकलं मात्र जास्त. म्हणजे डबीत जादू नाही. माझं मत विचाराल तर डबी माणसाला शिकवते. हातात क्लिकर असला की तुम्ही पिल्लाकडे बघता, पुढच्या बरोबर गोष्टीची वाट बघत. हातात साखळी असली की तुम्ही चुकीची वाट बघता.

आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे. त्यामुळे पिल्लू घरी येतं तेव्हा स्कॉट-फुलरच्या खिडकीतले फार तर चार आठवडे उरलेले असतात. आणि आपण म्हणतो लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर नको. अमेरिकेतल्या पशुवर्तन तज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलंय की पहिल्या लसीनंतर सात दिवसांनी, स्वच्छ जागेतल्या वर्गात, सात-आठ आठवड्यांचं पिल्लू न्यायला हरकत नाही. आपल्या भागातल्या रोगांचा अंदाज तुमच्या डॉक्टरला जास्त, तेव्हा त्याला विचारा. पण घरातल्या घरात पेन घेऊन बसायला कुठली लस लागत नाही.

मॅरियनचं काय झालं ते राहिलं. केलर ब्रेलंड १९६५ मध्ये गेले. कंपनी तिने चालू ठेवली, नौदलाच्या डॉल्फिन प्रकल्पातून आलेल्या बॉब बेलींना बरोबर घेऊन. १९७६ मध्ये दोघांनी लग्न केलं. युद्धाच्या काळात सोडलेली पीएच.डी. तिने १९७८ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पूर्ण केली. कंपनी १९९० मध्ये बंद झाली, त्या सेमिनारच्या फक्त दोन वर्षं आधी. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाने १९४० च्या दशकात दार लावून घेतलं होतं, ते दारात आलं तेव्हा दुकान बंद झालेलं होतं.

तरी ती गेली त्यांच्याकडे. नव्वदच्या दशकात बेली दांपत्याने कुत्री शिकवणाऱ्यांसाठी शिबिरं घेतली आणि तिथे कुत्र्याऐवजी प्रत्येकाच्या समोर एक कोंबडी ठेवली. कोंबडी भराभर हलते, चुकीच्या क्षणी टक् केलंत तर चुकीचीच गोष्ट शिकते, तुमचं मन राखायला काही करत नाही, आणि हिसका द्यायचा प्रयत्न केलात तर टेबलावरून उडून जाते. वीस-वीस वर्षं कुत्री शिकवलेली माणसं घाम पुसत बसायची, कोंबडीने लाल चकतीवरच चोच मारावी म्हणून. मॅरियन बेली २००१ मध्ये गेली, तोपर्यंत ती हे शिकवत होती.